रस्सा व्हिएतनामचा, भाकर जठारपेठेची

अमरावतीच्या राजापेठेत गिला वड्याच्या गाडीवर उभ्याने खाणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात — हातातली प्लेट आणि तोंडातली जीभ. सुगतने प्लेट सांभाळली. जिभेचं मात्र त्याला भान राहिलं नाही.

“भाऊ, इथं ते टूरवाल्या बाईचं ऑफिस कोणतं हाय?” त्याने गाडीवाल्याला विचारलं. “आयाबायाइले परदेशात नेते अन् तिथं काहीबाही चारते म्हन्तात, ते.”

गाडीवाल्याचा चमचा दह्यातच थांबला. कारण ती टूरवाली बाई, म्हणजे आपली आचल, सुगतच्या अगदी खांद्याशी उभी राहून वडा खात होती. तिने गाडीवाल्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा गुपचूप दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

“काय काम आहे तिच्याकडे?” आचलने अगदी साळसूदपणे विचारलं.

“काम कायचं... भांडण हाय.”

“भांडायला थेट अकोल्याहून आलात?”

“तुमाले कसं कळलं अकोला?”

तिने त्याच्या पाठीवरच्या बॅगेकडे बोट दाखवलं. बियाण्यांच्या कंपनीचं नाव, आणि खाली ठळक अक्षरात अकोला. तो ओशाळून हसला. हसला की त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटायचा, आणि हे आपण कशाला बघतोय, असं आचलला वाटून गेलं.

“कशी आहे हो ती बाई?”

“पायली नाई. पन असन एखादी गॉगलवाली, फाडफाड इंग्लिश झाडणारी. तिले काय समजते आपल्या मानसाइच्या पोटाचं?” खिशातून पैसे काढत तो गाडीवाल्याला म्हणाला, “ह्याइचेबी घ्या.”

“माझे का म्हणून?”

“राहू द्या वो. एका गाडीवर खाल्लं आपण.”

“माझे मी देते,” ती म्हणाली, आणि दिले. मग म्हणाली, “चला, ऑफिस दाखवते.”

जिना चढून ती त्याला वर घेऊन गेली, दार ढकललं, टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसली आणि समोरची खुर्ची दाखवली.

“बसा. मीच ती बाई. भांडण कुठून सुरू करायचं?”

सुगतचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एखाद्याने तिथेच जिना उतरून पळ काढला असता. पण हा गडी बसला. कान लाल, नजर टेबलावरच्या काचेवर, पण बसला.

“माझी आई मैनाबाई शिरसाट. जठारपेठेत राहतो आमी. तिचं नाव काढा तुमच्या यादीतून.”

“कारण?”

“तिथलं खाणं... अन् त्याचा खर्च.”

“म्हणजे टूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती ओळ तुम्हीच टाकली.” आचलचा आवाज एकदम उतरला. “‘तिथं आपल्या मानसाइले काय चारनार, बेडूक का साप, अन् बिल कोन भरनार?’ — हीच ना? मावशींच्या फोनवरून?”

त्याने काचेवरून नजर न उचलता मान डोलावली.

आता त्या एका ओळीने काय केलं होतं, ते सांगायला हवं. आपल्याकडच्या टूरवाल्यांची एक रीत आहे. जगाच्या पाठीवर कुठेही जा, सोबत महाराज न्यायचा. त्याची शेगडी, त्याचं बेसन, त्याची जिरं-मोहरी. पॅरिसच्या मनोऱ्याखाली पोहे आणि बँकॉकच्या हॉटेलात पिठलं-भात. नाहीतर मग तिथलं भारतीय हॉटेल गाठायचं, जिथे एका माणसाच्या जेवणाला हजार रुपये सहज मोडतात. हा सगळा खर्च शेवटी टूरच्या भावात चढतो, आणि रिटायर नर्सबाई, शाळेतल्या बाई, शेतावरच्या बाई टीव्हीवरच परदेश पाहतात. आचलने तोच खर्च कापला होता. व्हिएतनाम, आठ दिवस, महाराज नाही. तिथली माणसं जिथे जेवतात तिथे जेवायचं, दोनशेच्या आत भरपेट. भाव इतका खाली आला, की अकोल्या-अमरावतीच्या बायांनी धडाधड नावं दिली.

ऑफिसचे मालक गोवर्धनकाका मात्र मान हलवत राहिले होते. “वीस माणसं पक्की कर, सोमवारी संध्याकाळपर्यंत. तिकडच्या हॉटेलवाल्याचे पैसे भरायचा तो शेवटचा दिवस आहे. झाली, तर तूच घेऊन जा. नाही झाली, तर आपला महाराज आहेच, अन् तू आहेस तशी रेल्वेची तिकिटं काढत बस.” घरी आचलचे वडील, जानराव, त्यांनीही सांगून ठेवलं होतं — हे टूरचं खूळ जमलं तर ठीक, नाहीतर स्थळं पाहायला सुरुवात. एवढं सगळं त्या वीस माणसांवर टांगलेलं. आणि सुगतच्या ओळीनंतर तिघींनी नावं काढली होती, बाकीच्या ‘विचार करून सांगतो’ म्हणत होत्या.

“तुमी एक ओळ टाकली अन् माझा टूर बुडवून राहिले,” आचल म्हणाली. रागावली की तिची ऑफिसातली शुद्ध भाषा अशी गळून पडायची. “काहून? माझं काय बिघडलं होतं तुमच्याशी?”

“तुमच्याशी काहीच नाई.” त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. “मले आईची भीती वाटते. ती भाव इचारत नाई कुठंच. अन् दुसऱ्याले पैसे देऊ देत नाई. तिकडं अशा मानसाचं... महाग पडते वो.”

शेवटचे दोन शब्द तो इतक्या हळू बोलला, की आचलचा राग क्षणभर अडखळला. हा माणूस नुसता हट्टी नाही, कुठेतरी पोळलेला आहे. पण कुठे, हे विचारण्याइतकी ओळख नव्हती.

“रविवारी तुमच्या घरी येते,” ती म्हणाली. “टूरच्या सगळ्यांना बोलवा. तिथलं जेवण मी रांधून वाढते. आवडलं नाही, तर मावशींचं नाव मी स्वतः काढीन.”

“अन् आवडलं तं?”

“तर ज्या फोनवरून ती ओळ टाकली, त्याच फोनवरून माफी टाकायची.”

तो जायला उठला. दारापाशी थांबून म्हणाला, “गॉगलचं... ते परत घेतो.” आणि जिना उतरून गेला. आचल मात्र उगाच खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मग सुरू झाले मेसेज. सुरुवात अगदी कामाची.

‘गवती चहा मिळतो का अकोल्यात?’

‘आमच्या अंगणातच हाय.’

‘कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, बराच लागेल. ताजा.’

‘तिथंबी सांबार खातात?’

‘मूठमूठ. तुमच्यापेक्षा जास्त.’

‘मग मानसं बरी असतील.’

आणि एकदा, काहीच काम नसताना, आचलने लिहिलं: ‘भांडायला आलेला माणूस मदत काहून करून राहिला?’ उत्तराच्या जागी तीन टिंबं नाचत राहिली, थांबली, परत नाचली. शेवटी आलं ते एवढंच: ‘आईनं सांगतलं म्हणून.’ आणि लगेच खाली: ‘नाई. खोटं बोललो.’ आचलने फोन छातीशी धरला, आणि मग आपण असं केलं याचा तिला स्वतःचाच राग आला. सोमवार दोन पावलांवर होता, आणि हिला हे सुचत होतं.

रविवारी सकाळी ती एस.टी.तून अकोल्याला उतरली ती रस्सा शिजवायचं भलंमोठं पातेलं घेऊनच. सुगत स्कूटर घेऊन उभा होता. पातेलं मध्ये, ती मागे, असे दोघं निघाले. ऊन कोवळं होतं, वाऱ्याने तिची ओढणी सारखी त्याच्या खांद्यावर जात होती आणि ती सारखी ओढून घेत होती. मध्ये पातेलं होतं तेच बरं होतं.

“मॅडम, एक इचारू? तिथं पहिल्यांदा काय खाल्लं तुमी?”

“फो. तांदळाच्या शेवया, वरून गरम रस्सा. गल्लीच्या कोपऱ्यावर, लहान्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून...”

“चव कशी लागली?”

स्कूटर एका चौकातून वळली. “चांगली,” ती म्हणाली.

“कोणत्या गावात?”

ती ओढणीच सावरत राहिली. सुगतने स्कूटर बाजूला घेतली, बंद केली, पण मागे वळला नाही. आरशातून तिच्याकडे पाहत राहिला.

“तुमी गेल्याच नाई ना?”

खोटं बोलावं असं आचलच्या मनात आलं. गोवर्धनकाकांनी तर बजावूनच ठेवलं होतं, ‘गिऱ्हाईकाला सांगायचं नाही.’ पण आरशातल्या त्या डोळ्यांपुढे जीभ वळेना.

“नाही गेले. पासपोर्ट कोरा आहे. तिथल्या गाइडशी रोज फोनवर बोलते, त्याची बायको मला रांधायला शिकवते, तिची गल्ली मला पाठ आहे... पण गेले नाही. आता सांगा घरी जाऊन. एका वाक्यात काम होईल तुमचं.”

“मी काहून सांगू?” त्याने स्कूटर सुरू केली. जठारपेठेचं वळण आल्यावर तो म्हणाला, “मी गेलतो. थायलंडले. कंपनीनं नेलतं.”

“मग? तिथलं खाणं कसं होतं?”

“चांगलं,” तो म्हणाला. अगदी तिच्यासारखंच.

शिरसाटांच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. मैनाबाई म्हणजे जन्मभर खेड्यापाड्यांत सायकलवर सुया टोचत फिरलेली नर्सबाई. आवाज खणखणीत आणि नजर अशी, की माणसाचा ताप बघूनच सांगावा. त्यांनी आचलला आपादमस्तक न्याहाळलं. “लय बारीक हाय पोट्टी,” एवढं म्हणून त्यांनी स्वयंपाकघर तिच्या हवाली केलं.

बारा वाजेपर्यंत अंगण भरलं. अकोल्याच्या बाया, बाळापूरच्या शेतकरी घरातल्या आशाबाई, दोघी-तिघींचे नवरे. कोंबडीचा एक रस्सा, भाज्यांचा एक. आचलने मोठाल्या वाट्यांत शेवया घातल्या, उकळता रस्सा ओतला, वरून सांबार, कांद्याची पात, मिरची, लिंबाची फोड. सुगत आत दुसरी शेगडी सांभाळत होता. वाट्या सगळ्यांपुढे गेल्या. वास असा सुटला की शेजारच्या गच्चीवरून माणसं डोकावू लागली.

आणि कोणी हात लावेना.

आचल दारात उभी. बाया मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, वाटीकडे बघत बसलेल्या. कोणी पदर सारखा करतंय, कोणी पोराच्या लग्नाचं बोलतंय. रस्स्याची वाफ कमी होत गेली. शेवया फुगायला लागल्या. नाही आवडलं. नुसतं बघूनच नाही आवडलं. माणसं सभ्य आहेत म्हणून उठून जात नाहीत, एवढंच. तिने पदार्थाची माहिती सांगितली. तिथल्या पाटीवर पन्नास हजार लिहिलेलं असतं, घाबरू नका, ते त्यांचं नाणं, आपले दीड-पावणेदोनशे — हेही सांगितलं. बायांनी माना डोलावल्या. हात जिथल्या तिथे.

“मावशी,” शेवटी ती मैनाबाईंच्या शेजारी उकिडवी बसली, डोळे भरून आलेले, “एक घास तरी...”

“खातो ना बाई,” मैनाबाई म्हणाल्या. “पन भाकर केव्हा आणतं? रस्सा थंडा होऊन राहिला.”

आचल त्यांच्याकडे बघतच राहिली.

आता बघा. वऱ्हाडातल्या माणसापुढे रस्सा आला आणि भाकर आली नाही, तर त्याच्या लेखी वाढणं अजून चालू आहे. आणि वाढणं चालू असताना हात घालणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. बिचाऱ्या सगळ्या रीत पाळून बसल्या होत्या, आणि हिला वाटत होतं आपला टूर बुडाला.

“भाकर नाही मावशी,” ती रडत की हसत म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही. “तिथं भाकर नसतेच. एवढंच जेवण आहे.”

आशाबाई अशा खोखो हसल्या की त्यांचा पदर वाटीत पडला. मैनाबाईंनी तिथूनच शेजारणींना हाका मारल्या. चार घरांतून ज्वारीच्या भाकरी आल्या. रस्सा परत गरम झाला. बायांनी भाकर चुरली, शेवयांसकट कालवली, वर मिरची चावली, आणि अंगणभर सूं-सां सुरू झालं. व्हिएतनामच्या माणसाने पाहिलं असतं तर त्याने काय म्हटलं असतं कोण जाणे, पण वाट्या मात्र चाटूनपुसून रिकाम्या झाल्या. सुगत दाराच्या चौकटीला टेकून आचलकडे बघत होता. तिने मान वर केली तेव्हा त्याने नजर हटवली नाही, आणि तिनेही.

तेवढ्यात आशाबाईंनी विचारलं, “पोरी, तू सोता खाल्लं काय तिथं जाऊन?”

सरळ प्रश्न. वाकडा हेतू नव्हता. पण अंगणातल्या सगळ्या माना आचलकडे वळल्या. एक ‘हो’, आणि सगळं जमून गेलं असतं. वीस नावं, टूर, कोऱ्या पासपोर्टवर पहिला शिक्का. सुगत तर काही बोलणार नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि नेमकं त्यामुळेच... त्याच्या देखत तिला खोटं बोलवेना.

“नाही मावशी,” ती म्हणाली. “मी कधी परदेशात गेलेली नाही. पहिल्यांदाच जाईन, तुमच्यासोबत.”

हसू मावळलं. एका बाईने शांतपणे चष्मा पुसला. “मंग तुले काय माहीत बाई तिथलं?” दुसरी म्हणाली, “फसलो तं कोन पाहीन आमाले?” कोणीतरी चपला शोधायला उठलं. आचल रिकाम्या पातेल्याची कड धरून उभी राहिली.

“मी गेलतो.”

सुगत चौकटीपासून पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी गेलतो थायलंडले. अन् मी फसलो. ते ऐकून मंग जा.”

“काय फसला?” मैनाबाईंनी विचारलं.

“समुद्राकाठी जेवाले बसलो, आई. संग पुण्याचे चार जण होते कंपनीचे. मी म्हनलं, आज माझ्याकडून. मासोळी मांगवली. पाटीवर भाव होता, मले वाटलं पुऱ्या मासोळीचा हाय. तो होता शंभर ग्रॅमचा. मी इचारलंच नाई. चार लोकाइच्या देखत भाव कसा इचारावा, म्हनून. बिल आलं तं माझ्याजवळचे सारे पैसे गेले. मंग पोट दुखते म्हनून खोलीतच राहिलो. वापस येईस्तोवर केळं खाल्ले अन् नळाचं पाणी पेलो. त्याइले नाई सांगतलं. तुलेबी नाई सांगतलं.” त्याने आचलकडे बोट दाखवलं. “हे पोट्टी तिथं गेली नाई. पन भाव इचाराव लागते, कुठं बसाव, किती द्याव, हे तिले पाठ हाय. मी जाऊन आलो अन् मले काहीच समजलं नव्हतं. तिची मानसं मी तोडली, माझ्या लाजेपायी. ते ओळ मीच टाकलती, आईनं नाई.”

मैनाबाई लेकाकडे बघत राहिल्या. “मले तं फोनवर म्हने, मस्त जेवून राहिलो,” त्या हळूच म्हणाल्या. मग उठल्या आणि आत गेल्या. आत भांड्याचा आवाज झाला. आचलला वाटलं, आता या बाहेर यायच्याच नाहीत, आणि हे सगळं आपल्यामुळे. मैनाबाई बाहेर आल्या त्या वाढलेलं ताट घेऊन. अर्धी भाकर, उरलेला रस्सा. ते त्यांनी सुगतच्या हातात दिलं.

“बस. जेव आधी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा खणखणीत आवाज पहिल्यांदा चिरकला.

बाकीची माणसं मात्र ‘सांगतो’ म्हणून पांगली. आचल रिकामं पातेलं घेऊन अमरावतीला परतली. स्टँडवर सुगत सोडायला आला. एस.टी. सुटताना त्याने खिडकीच्या गजावर हात ठेवला, तिने त्यावर आपला ठेवला... आणि गाडी हलली.

सोमवारी सकाळीच गोवर्धनकाकांच्या कानावर सगळं गेलं होतं. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. “आचल, आता लोकांना कळलंय तू गेलेली नाहीस. माणसं जमली तरी तुला पाठवणं बरं दिसणार नाही. आपल्या ऑफिसातल्या रोहितला पाठवू. तो चार वेळा जाऊन आलाय. यादी त्याच्या हाती दे.”

तिने यादी दिली नाही, नाही असंही म्हटलं नाही. नुसती बसून राहिली. एकेक फोन येत होता. ‘नाव ठेवा.’ ‘माझं काढा.’ ‘सांगतो.’ चार वाजले. पाच वाजत आले. रोहित समोर बसून मोबाइल बघत होता. आपण स्वप्न पाहायचं आणि जायचं दुसऱ्याने! त्यात सुगतचा दिवसभरात एक मेसेज नाही. लाज वाटली असेल. की पश्चात्ताप झाला असेल... कोण जाणे.

जिन्यावर पावलांचा गलका झाला. आधी मैनाबाई, मागून आशाबाई, मागे आणखी बाया, ऑफिसात मावेनात एवढ्या.

“मालक तुमी काय?” मैनाबाई गोवर्धनकाकांना म्हणाल्या. “आमी एस.टी.नं आलो. नावं पक्की करायले. आशाबाईच्या दोघी जावाबी हायेत. मोजा, वीस होतात का नाई ते.”

काकांनी मोजलं. वीस भरून एक उरत होती. “या, बसा ना,” त्यांचा सूर लगेच गोड झाला. “आमचा रोहित तुम्हाला...”

“रोहित कोन?” आशाबाईंनी मध्येच विचारलं. “म्या ह्या पोरीले भर अंगणात इचारलं. तिचं नुकसान होतं तरी तिनं खरं सांगतलं. परमुलखात मले असं मानूस पायजे. हे येत असन तं आमी येतो.”

“अहो, पण तिला अनुभव...”

“मले बी पहिली सुई टोचाले अनुभव नव्हता,” मैनाबाई म्हणाल्या. “कोनाले तरी टोचलीच ना.”

काकांनी रोहितकडे पाहिलं, रोहितने दाराकडे. मग काकांनी पैसे भरायची पावती पुढे ओढली आणि प्रमुखाच्या जागी, जरा नाइलाजानेच, आचलचं नाव लिहिलं. आचलने मैनाबाईंना मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून तिला दिसलं — जिन्यात, सगळ्यांच्या मागे, सुगत उभा होता. त्याने आईचा फोन वर धरून दाखवला. ग्रुपवर माफीची ओळ पडली होती, यावेळी त्याच्या स्वतःच्या नावाने.

निघायच्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर नेणारी बस राजापेठेत लागली. पिशव्या चढत होत्या, त्यातल्या निम्म्यांत ज्वारीचं पीठ. जानराव लेकीला पोचवायला आले होते आणि ड्रायव्हरला उगाचच टायरबद्दल सूचना देत होते. सुगतने आईची बॅग वर चढवली आणि आचलपाशी येऊन उभा राहिला.

“तुम्ही आला असता तर...” ती म्हणाली.

“बियाण्याचा सीझन हाय. रजा नाई.” तो बुटाने माती उकरत राहिला. “आचल.” पहिल्यांदाच नुसतं नाव. “आईची काळजी नाई मले. तुझ्यावाचून आठ दिवस कसे काढू, त्याची हाय. मले तू लय आवडतं. आता सांगतलं नाई तं मंग कधीच जमनार नाई.”

ती काही बोलणार, तोच त्याने मान हलवली. “थांब. माझं आडनाव शिरसाट हाय. तुमच्या घरी चालन काय, ते मले माहीत नाई. अन् मी लपूनछपून भेटनार नाई. तू इचार कर.”

आचलने बसच्या पुढे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. जानराव माणूस वाईट नव्हते. पण स्थळाचा विषय निघाला की शिक्षणाच्या आधी आडनाव विचारायचे, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं होतं. आठ दिवसांनी सांगू... आल्यावर, शांतपणे, आईला आधी विश्वासात घेऊन... ड्रायव्हरने हॉर्न दिला.

तिने सुगतचं मनगट धरलं आणि त्याला सरळ वडिलांपुढे नेऊन उभं केलं.

“बाबा, हे सुगत शिरसाट. अकोल्याचे, जठारपेठेतले. मला आवडतात, आणि लग्न करीन तर यांच्याशीच. मी आठ दिवसांनी येते, तोवर तुम्हाला जेवढं रागवायचं तेवढं रागवून घ्या.”

जानरावांच्या हातात तिची पाण्याची बाटली होती, ती तशीच राहिली. आचलने ती घेतली, वाकून त्यांच्या पाया पडली आणि बसमध्ये चढली. बस हलली. खिडकीतून तिला दिसलं, रस्त्याच्या कडेला दोघं हातभर अंतरावर उभे, एकमेकांकडे न बघता. जानरावांचे ओठ हलले. सुगतने मान डोलावली. मग बस वळली आणि काही दिसेना.

“काय म्हनला तुझा बाप?” शेजारच्या सीटवरून मैनाबाईंनी विचारलं.

“ऐकू नाही आलं, मावशी.”

मैनाबाईंनी तिचा गार पडलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. बसमध्ये बाया पिठाच्या पिशव्या सावरत होत्या. आचल खिडकीबाहेर बघत होती, पण तिला काही दिसत नव्हतं. राजापेठ मागे पडली, शहर संपलं, आणि तेव्हा कुठे फोन थरथरला.

सुगतचा मेसेज होता. ‘तुझे बाबा म्हनले, उन्हात काय उभं राहता, घरी चला. त्याइच्याच स्कूटरवर माझ्या मांगं बसले हायेत, सिग्नलवर थांबलो. बाकी अजून काही बोलले नाई. पन खांदा धरून बसले हायेत.’